फॉल आधी भिजवून घ्या : गळा दाटणारं गाणं कसं गावं

मी पिको-फॉल करते. मिरजेत, घराच्याच पुढच्या खोलीत. एक पिकोचं मशीन, एक साधं शिलाईचं, आणि दारात साड्यांच्या पिशव्या. सत्तावीस वर्षं झाली. गाण्याचं म्हणाल तर गांधर्व महाविद्यालयाच्या गायनाच्या दोन परीक्षा दिल्या, प्रारंभिक आणि प्रवेशिका प्रथम, मग लग्न झालं आणि ते तिथेच राहिलं. गुरुवारी संध्याकाळी आमचं अकरा बायकांचं भजनी मंडळ बसतं. त्यात मी पुढे म्हणणाऱ्यांपैकी आहे, बस, एवढीच माझी लायकी.

तरी लोक मला विचारतात. साडी मापाला पसरलेली असते आणि समोरची बाई हळूच म्हणते, "काकू, आईच्या वर्षश्राद्धाला तिचं आवडतं गाणं म्हणायचंय. पण पहिल्या ओळीलाच रडू फुटतं. काय करू?" मला विचारतात कारण माझी फजिती गल्लीला माहीत आहे.

ती आधी सांगते. माझा धाकटा भाऊ टेम्पो चालवायचा. जेवून झोपला तो उठला नाही. त्याला माझ्या तोंडून एकच अभंग आवडायचा, कान्होपात्रेचा, 'नको देवराया अंत आता पाहू'. घरी आला की चपला काढायच्या आत, "अक्का, देवराया म्हण की." मी कणीक मळता मळता म्हणायची. त्याच्या तेराव्याला संध्याकाळी भजन ठेवलं. मंडळ आलं. मीच म्हणाले, देवराया मी म्हणते. सगळ्यांनी मान हलवली, कुणी अडवलं नाही. ध्रुपद, म्हणजे परत परत येणारी पहिली ओळ, नीट गेलं. पुढे 'हरिणीचे पाडस व्याघ्रे धरियेले' म्हटलं आणि त्यापुढचं बाहेरच आलं नाही. तोंड उघडं, आवाज नाही. पेटी दोन आवर्तनं तशीच वाजत राहिली. मग मी पदर तोंडाला लावून ओक्साबोक्शी रडायला लागले, आणि माझी वहिनी, जिचा नवरा गेला होता ती, उठून माझ्यासाठी पाणी घेऊन आली.

ते पाणी मला अजून टोचतं. तिचं दुःख, आणि सावरायचं तिनं मला. त्या दिवसापासून मी ह्या विषयाच्या मागे लागले. जे हाती लागलं ते लिहिते.

गोळा येतो म्हणजे काय होतं

माझ्याकडे साड्या देणाऱ्या एक कान-नाक-घशाच्या डॉक्टरीणबाई आहेत. मिरजेत डॉक्टरांना तोटा नाही. त्यांनी मला हातांच्या दोन तळव्यांची फट करून दाखवली. रडू यायला लागलं की शरीराला वाटतं आता जास्त हवा लागणार, म्हणून स्वरयंत्रातली फट आपोआप मोठी उघडते. आणि आपण त्याच वेळी आवंढा गिळायला जातो, किंवा गायला जातो. दोन्हीला ती फट मिटावी लागते. एक ओढतंय उघडायला, एक ओढतंय मिटायला. त्या ओढाताणीला आपण गोळा म्हणतो. घशात खरोखर काही अडकलेलं नसतं.

हे कळल्यावर मला फार बरं वाटलं. कारण तोवर मला वाटायचं मी मनाने कच्ची आहे. मन कच्चं असेल नसेल, पण ही भानगड स्नायूंची आहे, आणि स्नायू शिकवता येतात. पिकोच्या मशीनवर बसलेल्या नव्या पोरीचा पाय सुरुवातीला पायडलवर धाडकन पडतोच, महिन्याने पडत नाही.

आता एक आक्षेप येतो, तो मी आधीच घेते. एका कीर्तनकार महाराजांना मी हे सांगितलं तर ते हसले. म्हणाले, "अहो, अष्टसात्त्विक भावांत स्वरभंग पण आहे आणि अश्रू पण आहेत. कंठ दाटला तर ते भाग्य समजा." खरं आहे त्यांचं. देवापुढे एकटी म्हणत असेन तर दाटू दे कंठ, वाहू दे डोळे, मला कुणाला काय दाखवायचंय? पण चार माणसं ऐकायला बसली आहेत आणि त्यांना रडायचंय, तेव्हा पुढे बसलेलीनं आधी रडून घ्यायचं नसतं. वाढपी पंगतीत आधी जेवायला बसतो का?

तर आता कृती.

आधी भिजवा

सुती फॉल आणला आणि तसाच साडीला लावला तर पहिल्या धुण्यात तो आटतो, आणि साडीचा काठ चुण्या पडून गोळा होतो. म्हणून फॉल आधी पाण्यात टाकायचा, रात्रभर ठेवायचा, वाळवायचा, इस्त्री फिरवायची आणि मग लावायचा. आटायचं ते साडीला लागण्याआधी आटू दे.

गाण्याचंही तेच. बहुतेक लोक उलटं करतात. गाणं म्हणायचं ठरलं की दुःख होईल म्हणून त्याचा सरावच टाळतात. "ऐनवेळी म्हणेन, पाठ आहे मला." मीही तेच केलं होतं. तेरा दिवसांत एकदाही तो अभंग तोंडातून काढला नव्हता. कोरा फॉल थेट साडीला.

म्हणून पहिलं काम, घरात कुणी नसताना दार लावा आणि ते गाणं म्हणत मनसोक्त रडा. थांबवायचं नाही. नाक पुसायचं, परत पहिल्यापासून. माझी पहिली खेप दुपारी दीड वाजता सुरू झाली आणि साडेतीनला मी जमिनीवर बसलेली होते, अभंगाची जेमतेम एक ओळ झालेली. दुसऱ्या दिवशी दोन ओळी. चौथ्या-पाचव्या दिवशी असं झालं की रडू येत होतं पण म्हणणं थांबत नव्हतं, दोन्ही बरोबरीने चाललं होतं. तिथे पोचायचं. त्याच्या पुढे नाही. रडू अजिबात येईनासं झालं तर मी म्हणेन तुम्ही सराव जास्त केलात, गाणं आता नुसतं पाठांतर झालं. तेवढं होऊ देऊ नका. फॉल भिजवायचा आहे, त्याचा रंग घालवायचा नाही.

किती दिवस लागतात? माणसावर आहे. पण दुःख अगदी ताजं असेल, दहा-पंधरा दिवसांतलं, तर माझा स्पष्ट सल्ला आहे : ते गाणं दुसऱ्याला म्हणू द्या. तुम्ही मागे बसून ध्रुपद धरा. मानाचा प्रश्न करू नका. बालगंधर्वांचं उदाहरण लोक देतात. १९११ साली 'मानापमान'चा पहिला प्रयोग होता त्याच दिवशी त्यांची लहानगी मुलगी गेली, आणि त्यांनी प्रयोग केला. आमच्या मिरजेत तर हे उदाहरण फारच निघतं, कारण १९०५ साली त्यांनी पहिल्यांदा तोंडाला रंग लावला तो इथेच, आणि आता त्यांच्या नावाचं नाट्यगृह गावात आहे. पण ते बालगंधर्व होते. आपण आपल्या पायरीने राहावं.

फुटतं कुठे ते शोधा

"मला हे गाणं म्हणवत नाही" असं कुणी म्हणालं की मी विचारते, कुठल्या अक्षराला? लोक बघतच राहतात. पण अख्खं गाणं कधीच फोडत नाही. एक जागा असते, फार तर दोन. ती सापडली की निम्मं काम झालं.

शोधायचं असं. गाणं वहीत लिहून काढा, मोठ्या अक्षरात, ओळीओळीत जागा सोडून. फोनवरून वाचू नका, फोनवर पेन्सिल चालत नाही. मग उभं राहून, चाल न लावता, बातम्या वाचल्यासारखं मोठ्याने वाचा. जिथे आवाज हलेल तिथे पेन्सिलीने खूण. मग चालीत म्हणा आणि फोनवर आवाज भरून घ्या. ऐका. परत खूण. बऱ्याचदा ह्या दोन खुणा वेगवेगळ्या ठिकाणी पडतात, आणि खरी गंमत तिथे आहे.

माझं सांगते. मला पक्कं वाटत होतं की मी 'पाडस' ह्या शब्दाला फुटते. भाऊ माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी लहान, मी कडेवर घेऊन फिरवलेला. पाडस म्हटलं की दुसरं काय आठवणार? वाचताना खूण तिथेच पडली. पण भरून घेतलेला आवाज ऐकला तर 'पाडस' स्वच्छ गेला होता. फुटला होता तो 'जाहले'.

मग वही घेऊन अक्षरं मोजली. हा मोठा अभंग. त्याचे चार चरण, साचा ६-६-६-४ अक्षरांचा, एखाद्या चरणात एक अक्षर जास्त येतं. 'हरिणीचे पाडस' एक चरण, 'व्याघ्रे धरियेले' दुसरा, 'मजलागी जाहले' तिसरा, आणि 'तैसे देवा' हा चौथा, आखूड. आमच्या मंडळाची चाल भैरवीतली आहे. ध्रुपद खालीच फिरतं, पण कडवं सुरू झालं की चाल वर चढते, 'व्याघ्रे'ला पंचमावर जाऊन कोमल धैवताला हात लावून येते. आणि मी बाई काय करत होते, 'हरिणीचे'पासून 'जाहले'पर्यंत तिन्ही चरण एका श्वासात ओढत होते. वीस अक्षरं, तीही चढावर. 'जाहले'पर्यंत पोचेस्तोवर आत हवाच शिल्लक नव्हती. एरवी असंच व्हायचं, पण एरवी तिथे आवाज थोडा बारीक व्हायचा एवढंच. तेराव्याला त्यात गोळ्याची भर पडली आणि सगळं बंद.

म्हणजे काय, तर जिथे मी दुःख समजत होते तिथे निम्मा दम कमी पडत होता.

ही गोष्ट मी नंतर इतरांतही पाहिली आहे. माणूस अर्थाच्या जागेला फुटत नाही. अर्थ आधी येऊन आत बसतो आणि पुढे जिथे श्वास संपतो, चाल चढते किंवा स्वर लांबवायचा असतो तिथे तो दार ढकलतो. म्हणून खूण पडली की त्या शब्दाकडे बघायचं नाही, त्याच्या आधीच्या अर्ध्या ओळीकडे बघायचं.

श्वासाची डागडुजी

जिथे फुटतं त्याच्या आधी श्वास घ्यायची जागा करा. माझ्या वहीत आता 'पाडस'नंतर एक तिरकी रेघ आहे आणि 'धरियेले'नंतर एक. अर्थ तुटणार नाही अशाच ठिकाणी रेघ मारायची. 'मजलागी जाह' आणि 'ले' असं केलं तर म्हशीलाही हसू येईल. अभंगात चरण आखलेलेच असतात म्हणून सोपं. सिनेमातल्या गाण्यात जरा शोधावं लागतं, तिथे मूळ गायिकेनं श्वास कुठे घेतला हे कान देऊन ऐका. आणि अभंगाचा तो चौथा आखूड चरण आहे ना, दोन अक्षरं कमी असलेला, तिथे ठेक्यात रिकामी जागा मिळते. शेवटचा स्वर धरून सोडायचा, आणि पुढच्या ओळीसाठी पोटभर श्वास घ्यायचा. जुन्या लोकांनी ही विसाव्याची जागा विचार करून ठेवली की कसं, देव जाणे, पण आहे.

पोटभर म्हणजे खरोखर पोटात. दुःखाने श्वास वर येतो, खांदे उचलतात, छातीतल्या छातीत हवा फिरते. हे मोडायला एक उपाय. जमिनीवर उताणं झोपायचं आणि पोटावर पोळपाट ठेवायचा. श्वास घेताना पोळपाट वर, सोडताना खाली. सकाळी दहा मिनिटं. आमच्या ह्यांनी पहिल्यांदा बघितलं तेव्हा त्यांना वाटलं माझं डोकं फिरलं. पोळपाटच का, तर तो घरात असतो, गोल बसतो आणि त्याला वजन असतं.

पट्टी आणि लय

आपली नेहमीची पट्टी असते तिच्यापेक्षा खाली उतरा. मी एरवी काळी चारमध्ये म्हणते, म्हणजे पेटीच्या चौथ्या काळ्या पट्टीला सा धरून. हा अभंग काळी तीनमध्ये म्हणते, म्हणजे मधली पांढरी पाच सोडून दोन घरं खाली. रडू दाबताना गळा आवळतो आणि वरचे स्वर आधी जातात, खालचे शेवटपर्यंत साथ देतात. पण फार खाली नको, ध्रुपदच ऐकू येईनासं होतं. एक किंवा दोन घरं पुरे. पेटी वाजवणाऱ्या बाईंना आधी सांगा, बसल्यावर खुसपुसत सांगू नका.

लय मात्र कमी करू नका. ही चूक सगळे करतात. दुःखाचं म्हणून संथ लावतात. संथ लयीत श्वास जास्त लागतो आणि विचार करायला वेळ जास्त मिळतो, दोन्ही आपल्या मुळावर येणारं. भजनी ठेका आठ मात्रांचा, तो चालता ठेवा. चालता म्हणजे पळता नव्हे. दिंडीत बायका डोक्यावर तुळस घेऊन चालतात तेवढा. पखवाजाच्या मागे मन बांधून टाकलं की ते फार लांब जात नाही.

खाण्यापिण्याचं फार काही नाही. कोमट पाणी जवळ ठेवा, भरल्या पोटी बसू नका. खडीसाखर ठेवायची तर ठेवा, मनाला आधार.

कुणाकडे बघायचं नाही

ज्याच्यासाठी गाणं आहे त्याच्याकडे बघायचं नाही. फोटोकडे बघायचं नाही. हाराकडे तर नाहीच. डोळे मिटले तरी चालत नाही बरं का, मिटल्या डोळ्यांपुढे माणूस जास्त स्पष्ट उभा राहतो. मला विचाराल तर पेटीच्या भात्याकडे बघा. तो उघडतो, मिटतो, त्याला काही देणंघेणं नसतं. किंवा समोरच्या बाईच्या टाळाच्या दोरीकडे. मी पुष्कळदा साड्यांच्या काठाकडे बघते. हिचा फॉल कुणी लावलाय, टाके लांब पडलेत, हे मनात चाललेलं असतं. पाप लागत असेल तर लागो.

एक गृहस्थ आले होते, बँकेतून निवृत्त झालेले. मुलीच्या हळदीला तिच्यासाठी सिनेमातलं एक गाणं म्हणायचं होतं, आणि मुलगी समोर दिसली की आवाज जायचा. त्यांना मी सांगितलं, हॉलच्या शेवटच्या रांगेत व्याह्यांकडचे कुणीतरी आजोबा बसलेले असतील, त्यांना गाणं म्हणून दाखवा. मुलीकडे शेवटची ओळ झाल्यावर बघा. त्यांनी तसं केलं. त्यांची दुसरीच अडचण निघाली : त्यांनी फोनवर नुसता वाजता ट्रॅक लावला होता, आणि दुसऱ्या कडव्याला क्षणभर थांबले तर ट्रॅक पुढे निघून गेला. ट्रॅकला दया नाही. ज्याला खरोखर गळा दाटणारं गाणं म्हणायचंय त्यानं जिवंत साथ घ्यावी, मग ती भाच्याची गिटार असली तरी चालेल. अगदीच ट्रॅक लावायचा तर ॲपवर पट्टी आधीच खाली करून घ्या आणि बटणाशी एक माणूस बसवा.

मागे माणसं बसवा

मला विचाराल तर सगळ्यात कामाची गोष्ट हीच.

आपल्या भजनाची बांधणीच अशी आहे की एकटं गायचं नसतं. पुढचा ओळ टाकतो, मागचे टाळकरी ती उचलतात, परत पुढचा टाकतो. लहानपणी मला वाटायचं, एकच ओळ इतक्यांदा कशाला म्हणायची. आता वाटतं, ही सोय त्याच्यासाठी आहे ज्याचा आवाज मधेच जाणार आहे. मागचे म्हणतात तेवढ्या आठ-सोळा मात्रा तुमच्या. तेवढ्यात आवंढा गिळा, श्वास घ्या, नाक पुसा. कुणाला कळतही नाही. माझ्या फजितीच्या दिवशी बायका गप्प का राहिल्या? कारण आम्ही ठरवलंच नव्हतं. त्यांना वाटलं मी आता सुरू करीन, मला वाटलं कुणीतरी धरेल.

म्हणून आधी ठरवा. दोन बाया नेमा, ज्यांना शब्द पाठ आहेत आणि ज्यांचं त्या घराशी नातं लांबचं आहे. जवळचं नातं असलेली नेमू नका, ती तुमच्या आधी रडेल. खूण ठरवा. आमच्यात मी उजवा हात मांडीवर उपडा ठेवला की त्या दोघी ओळ उचलतात, मी कुठेही असले तरी. सरावात ही खूण मुद्दाम दोन-चार वेळा करून बघा, ओळीच्या मधे, नको तिथे. पहिल्यांदा गोंधळ होतो. आमच्यातल्या एका मावशींनी माझा हात उपडा बघून मला पाणी आणून दिलं होतं.

आणि तरीही अडकलात तर

अडकाल. एवढं करूनही अडकाल, धरून चला.

तोंड मिटा. उघडं ठेवून स्वर शोधत बसू नका, तेच सगळ्यात केविलवाणं दिसतं. एकदा गिळा. नाकाने श्वास. घसा खाकरू नका, त्याने आणखी आवळतो. हात उपडा. एवढ्यात मागच्यांनी धरलं असेल. ठेका चालू आहे ना ते ऐका. मग ओळीच्या मधेच शिरायची घाई न करता ध्रुपदाला परत या, कारण ध्रुपद खाली आहे आणि तोंडात बसलेलं आहे. वरचं कडवं परत म्हणवत नसेल तर ते नुसतं बोला, ठेक्यावर, सूर न लावता. एकदा आमच्यातल्या एका आजींनी आपल्या जावेसाठी असं केलं होतं, पूर्ण कडवं नुसतं बोलून काढलं, आणि अख्खी ओसरी डोळे पुसत होती. सुरात म्हटलं असतं तर इतकं झालं असतं का, मला शंका आहे.

माफी मागू नका. "सॉरी हं, मला जरा..." असं म्हणालात की लोक गाण्यातून बाहेर येतात आणि तुमच्याकडे बघायला लागतात. मग कुणीतरी उठून पाणी आणतं.

कान्होपात्रेबद्दल दोन शब्द, कारण हे कळल्यावर माझं म्हणणं बदललं. ती मंगळवेढ्याची, शामा नावाच्या गणिकेची मुलगी. परंपरा सांगते की तिच्या रूपाची कीर्ती बिदरच्या बादशहापर्यंत गेली, त्यानं तिला न्यायला माणसं पाठवली, आणि तिनं पंढरपुरात विठ्ठलाच्या पायाशी देह ठेवला. देवळात तरटीचं झाड आहे, ते तिचं मानतात. मी त्या झाडापाशी उभी राहिले होते, भावाला जाऊन सात महिने झाले होते तेव्हा. तिथे मला उगाच वाटून गेलं की ही बाई विनवणी करतेय पण तिचा आवाज चिरकलेला नाहीये. दाराशी शिपाई उभे आहेत आणि ती चरणांची अक्षरं बरोबर जागी बसवतेय. सहा, सहा, सहा, चार. तोवर मी तो अभंग रडत रडत हाक मारल्यासारखा म्हणायची. नंतर सरळ म्हणायला लागले. हरकती, म्हणजे मधेमधे घेतलेल्या सुरांच्या नक्ष्या, काढून टाकल्या. 'देवराया'वर मी एक मुरकी घ्यायची, भावाला ती फार आवडायची, ती ठेवली.

वर्षश्राद्धाला परत भजन ठेवलं. त्याच घरात, त्याच सतरंजीवर. वहिनी दारापाशी बसली होती, मी तिच्याकडे बघितलं नाही, भात्याकडे बघितलं. पट्टी काळी तीन. 'पाडस'नंतर श्वास घेतला, 'धरियेले'नंतर घेतला, 'जाहले' गेला. स्वच्छ गेला. 'तैसे देवा'ला मी चक्क मनातल्या मनात हसले. पुढचं कडवंही गेलं, 'धावे हो जननी विठाबाई' सगळ्यांनी उचललं, बाहेर अंगणात बसलेल्या पुरुषांनीसुद्धा.

आणि अगदी शेवटी, 'घेई कान्होपात्रेस हृदयात', त्यातल्या 'हृदयात'ला माझा आवाज गेला. चार अक्षरांचा चरण. विसाव्याची जागा. तिथे खूण नव्हती, रेघ नव्हती, सरावात एकदाही काही झालं नव्हतं. मी तोंड मिटलं, हात उपडा ठेवला. दोघींनी ओळ उचलली, मग बाकीच्यांनी, आणि ध्रुपदावर आल्यावर मीही परत त्यांच्यात शिरले. पाणी कुणी आणलं नाही. वहिनी बसल्या जागी रडत होती, टाळ वाजत होते.

घरी आल्यावर वही काढली आणि 'हृदयात'च्या आधी पेन्सिलीने एक रेघ मारून ठेवली.